पेशीवर पेशी आणि रोजनाम्यातला हिशेब

मराठवाड्यात कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. निजामाच्या राजवटीत कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, त्या काळचा हा शब्द अजून इथल्या जिभेवर आहे. "पेशीला जाऊन येतो" असं सांगून माणूस सकाळची एसटी धरतो. दुपारी पुकारा होतो, दोन मिनिटांत पुढची तारीख पडते, चारच्या गाडीनं तो परत. घरी विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही, पेशी वाढली." कुणी वाढवली आणि कशासाठी, हे त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. वाजवी मुदतीत खटला निकाली निघण्याच्या हक्काबद्दल भाषणं पुष्कळ होतात, पण तो हक्क न्यायालयात मागायची वेळ आली की सगळा भार याच साध्या प्रश्नावर येतो: कोणती तारीख कुणामुळे वाया गेली?

हा हक्क राज्यघटनेत या शब्दांत कुठेही लिहिलेला नाही. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ मधून काढला. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले होते, की गुन्हा शाबित होऊन सर्वांत मोठी शिक्षा झाली असती तरी ते कधीच सुटून घरी गेले असते. पुढे आपल्याच राज्याचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या खटल्यात, डिसेंबर १९९१ मध्ये, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं या हक्काची चौकट आखली. हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्याला लागू आहे. आरोपीनं "खटला लवकर चालवा" अशी मागणी केली नव्हती, एवढ्यावरून त्याचा हक्क बुडत नाही. उशीर कुणामुळे झाला, हे तपासायचं. न्यायालयावरचा कामाचा बोजाही विचारात घ्यायचा. आणि एक महत्त्वाचं: अमुक वर्षं झाली की खटला रद्द, अशी सरधोपट मुदत ठरवायची नाही.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्याच काही निकालांनी अशा मुदती घालून पाहिल्या. २००२ मध्ये पी. रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायमूर्तींनी त्या मोडीत काढल्या. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या जॉर्डन निकालात उलटी वाट धरली. तिथं प्रांतिक न्यायालयात १८ महिने आणि वरिष्ठ न्यायालयात ३० महिने ही कमाल मर्यादा. बचाव पक्षामुळे गेलेला वेळ वजा करूनही ती ओलांडली, तर कारण सिद्ध करण्याचं ओझं सरकार पक्षावर. आपल्याकडे तसा आकडा नाही. त्यामुळे "सात वर्षं झाली साहेब" एवढं सांगून भागत नाही, त्या सात वर्षांचा हिशेब मांडावा लागतो.

तो हिशेब असतो रोजनाम्यात. प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडलं याची नोंद म्हणजे रोजनामा. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका खटल्यात अशा चार नोंदी आहेत:

"आरोपी क्र. १ तुरुंगातून हजर केला नाही. पोलीस गार्ड उपलब्ध नाही. पुढील तारीख."

"आरोपी हजर. साक्षीदार क्र. ३ गैरहजर. समन्स बजावणी अहवाल प्राप्त नाही. पुन्हा समन्स काढावे."

"साक्षीदार हजर. आरोपीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज, ते अन्य न्यायालयात व्यस्त. अर्ज मंजूर. साक्षीदारास समज."

"पीठासीन अधिकारी रजेवर. पुढील तारीख."

वर्ष गेलं आणि काम शून्य. पण हिशेबात या चार नोंदी तीन वेगळ्या खात्यांत जातात. पहिली आणि दुसरी सरकार पक्षाच्या नावावर, चौथी व्यवस्थेच्या नावावर आणि तिसरी आरोपीच्या नावावर. चारांत ही तिसरीच सर्वांत महाग. साक्षीदार दारात उभा असताना त्याला परत पाठवलं, हे पुढे जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकील पहिल्या वाक्यात वाचून दाखवतो. खरं तर वकील दुसऱ्या न्यायालयात आहे हे तहकुबीचं कारण होऊच शकत नाही, असं कायद्यानंच म्हटलं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०९ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ यात ते स्पष्ट आहे. साक्षीदार हजर असेल तर विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय तहकुबी नाही, हेही तिथंच. नव्या कलमात आणखी एक भर आहे: परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असली तरी दोनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत, त्याही समोरच्याचं म्हणणं ऐकून आणि कारण लिहून. रोजच्या व्यवहारात हे कलम किती पाळलं जातं, ते कोणत्याही तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात तासभर उभं राहिलं की कळतं. पण तहकुबीला लेखी हरकत नोंदवून ठेवली, तर ते कलम निदान कागदावर जिवंत राहतं.

रोजनामा मिळवायला फार काही लागत नाही. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर तो टाकला की तारखांची यादी उघडते आणि एकेका तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीच्या कामाचा सारांश दिसतो. सारांश कधी तुटक असतो, म्हणून गंभीर कामासाठी नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची प्रमाणित प्रत घ्यावी. मग वहीच्या पानावर पाच रकाने आखावेत: तारीख, कोण हजर, काय काम झालं, तारीख का पडली, कुणाच्या खात्यात. पाच वर्षांच्या खटल्याचा असा तक्ता तीन-चार पानांत मावतो. उच्च न्यायालयात वीस पानांच्या युक्तिवादापेक्षा ही चार पानं जास्त उपयोगी पडतात.

आता खटला अडतो कुठं कुठं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

पहिला टप्पा तपासाचा, आणि मुदतीची खरी धार फक्त इथंच आहे. आरोपी कोठडीत असताना ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं वा अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. गुणदोष पाहायचे नाहीत, गुन्हा किती भयंकर ते बघायचं नाही. व्यापारी प्रमाणातल्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यात ही मुदत १८० दिवस. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोका आणि दहशतवादाविरुद्धच्या यूएपीए या कायद्यांमध्ये मूळ ९० दिवस १८० पर्यंत वाढवता येतात, पण त्यासाठी सरकारी वकिलाचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागतो.

घोटाळा होतो तो दिवस मोजण्यात. मोजणी अटकेपासून नसते, दंडाधिकाऱ्यांनी पहिली कोठडी दिली त्या दिवसापासून असते, आणि तो दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे १ मार्चला अटक आणि २ मार्चला पहिला रिमांड असेल, तर मार्चचे ३० आणि एप्रिलचे ३० मिळून साठावा दिवस ३० एप्रिल. त्या दिवसापर्यंत दोषारोपपत्र आलं नाही, तर १ मेपासून हक्क तयार. मात्र तो आपोआप पदरात पडत नाही. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज गेला पाहिजे. अर्ज सकाळी अकराला दिला आणि दोषारोपपत्र दुपारी दोनला आलं, तर हक्क शाबूत राहतो. अर्ज तीनला दिला तर गेला. म्हणून अर्जाच्या आपल्या प्रतीवर तारखेसोबत वेळही टाकून घ्यावी, आणि जामिनदाराची तयारी आहे हे अर्जातच लिहावं. कित्येक जण इथं गुन्ह्याच्या खरेखोटेपणावर दोन पानं लिहितात. त्याची काही गरज नाही, उलट मूळ मुद्दा झाकला जातो.

दोषारोपपत्र आल्यावर दुसरा टप्पा दोषारोप ठेवण्याचा, म्हणजे आरोपीवर कोणत्या गुन्ह्यांसाठी खटला चालणार ते न्यायालयानं निश्चित करण्याचा. जुन्या खटल्यांत हाच सर्वांत मोठा खड्डा. आरोपी पाच-सात असतात आणि सगळे एका दिवशी एकत्र येत नाहीत. एक हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात, दोन जामिनावर, एक फरार. निवडणूक लागली, गणपती आले, मोठा मोर्चा निघाला की पोलीस बंदोबस्तात अडकतात आणि तुरुंगातल्या आरोपीला आणायला गार्ड मिळत नाही. नव्या संहितेत सत्र न्यायालयात दोषारोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत दोषारोप निश्चित करायचा आहे, आणि आरोपीला तो व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर वाचून दाखवण्याचीही सोय आहे. तेव्हा गार्ड नाही म्हणून तारीख पडत असेल, तर "आरोपीस व्हीसीद्वारे हजर करून दोषारोप ठेवावा" असा अर्धा पानाचा अर्ज द्यावा. फरार आरोपीसाठी बाकीच्यांनी ताटकळत बसायचं कारण नाही. त्याचा खटला वेगळा काढा, असा अर्ज करता येतो. आणि तो उद्घोषित गुन्हेगार ठरला असेल तर नव्या कलम ३५६ नुसार, दोषारोपानंतर ९० दिवस उलटल्यावर, त्याच्या गैरहजेरीतही खटला चालू शकतो.

इथं एक खबरदारी. नवी संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. त्या दिवशी जो खटला आधीच सुरू होता, तो जुन्या संहितेनंच चालतो. तिथं नव्या ६० दिवसांचा दाखला दिला की समोरचा वकील हसतो. आणि नव्या खटल्यांतही या मुदती मोडल्या तर खटला रद्द होईल, असं संहितेत लिहिलेलं नाही. मुदत मोडली ही हिशेबाच्या तक्त्यातली एक ठळक नोंद, एवढाच तिचा उपयोग.

दोषारोप लवकर ठेवून घेण्याचा आणखी एक फायदा कैद्यांच्या घरच्यांना ठाऊक नसतो. दंडाधिकाऱ्यांपुढे चालणाऱ्या अजामीनपात्र गुन्ह्यात पुराव्यासाठी नेमलेल्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी तेवढा सगळा काळ आतच असेल, तर त्याला जामिनावर सोडायचं, नाहीतर का सोडत नाही ते लिहायचं. जुनं कलम ४३७ पोटकलम ६, नवं ४८० पोटकलम ६. पण दोषारोपच ठेवला नाही तर पुराव्याची पहिली तारीख पडत नाही, आणि ती पडली नाही तर हे ६० दिवस सुरूच होत नाहीत. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या आरोपात पोरगं आठ महिने आत असतं, आणि हे घड्याळ कुणी चालूच केलेलं नसतं.

तिसरा टप्पा साक्षीपुराव्याचा. इथं मराठवाड्याची म्हणून एक खास अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या वकिलांना सांगावी लागते. दसरा झाला की बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पंच असतो गावातलाच कुणीतरी मजूर. पोलिसांनी पंचनाम्याला हाताशी दिसेल त्याला धरलेलं असतं. डिसेंबरात त्याचं समन्स निघतं आणि परत येतं, त्यावर शेरा: "सदर इसम ऊसतोडीस परगावी गेला असून घरास कुलूप आहे." पुन्हा समन्स, पुन्हा तोच शेरा, मग जामीनपात्र वॉरंट. समजा निरोप पोचलाच, तरी त्यानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं दांडी मारली की दोघांचं काम अडतं आणि खाडा पडतो. कोल्हापूरकडच्या फडातून माजलगावला येऊन साक्ष देणं त्याला परवडत नाही. न्यायालयाकडून साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता मिळण्याची तरतूद आहे, साक्ष झाल्यावर त्यासाठी अर्ज करावा लागतो. पण हे त्याला कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी खाड्याची भरपाई त्यातून होत नाही.

यावर दोन उपाय हाताशी आहेत. पहिला अगदी साधा: दोषारोप ठेवल्यावर साक्षीदारांचा कार्यक्रम आखला जातो, तेव्हाच पंच आणि मजूर साक्षीदारांच्या तारखा पेरणीनंतर ते दसऱ्याआधी मागाव्यात. उन्हाळी सुट्टी आणि पेरणीचा पंधरवडा सोडला तर जुलै ते सप्टेंबर हे महिने बरे. वैद्यकीय अधिकारी आणि पोलीस साक्षीदार हिवाळ्यात घ्यावेत, ते ऊस तोडायला जात नाहीत. दुसरा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. नव्या संहितेत राज्य सरकारनं जाहीर केलेल्या ठिकाणाहून साक्षीदाराची साक्ष दृक्श्राव्य पद्धतीनं घेता येते. फडाजवळच्या तालुक्याच्या ठिकाणी जाणं मजुराला एका दिवसात जमतं. ओळख पटवण्याचा किंवा मुद्देमाल हातात घेऊन दाखवण्याचा प्रश्न असेल तिथं मात्र ही सोय अडचणीची ठरते, ते आधी पाहावं.

तपास अधिकाऱ्याची बदली हा दुसरा नेहमीचा अडसर. गुन्हा परभणीचा आणि अधिकारी आता गडचिरोलीला, किंवा निवृत्त. नव्या कलम ३३६ नुसार अधिकारी, डॉक्टर किंवा तज्ज्ञ बदलून गेला असेल, निवृत्त झाला असेल वा वारला असेल, तर त्यानं तयार केलेल्या अहवालाबाबत त्या पदावरचा सध्याचा अधिकारी साक्ष देऊ शकतो. पण ज्याचा उलटतपास हीच बचावाची मुख्य भिस्त आहे, त्याच्या जागी भलताच माणूस उभा राहिला तर आरोपीचं नुकसान होतं. तिथं घाई करू नये. लवकर लागलेला निकाल विरोधात गेला, तर त्या लवकरपणाचा उपयोग काय?

सीएचा अहवाल, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा. रक्ताचे कपडे, व्हिसेरा, गांजा, हातभट्टी सगळं तिकडे जातं आणि खटला त्या एका कागदासाठी थांबतो. अशा वेळी नुसतं "अहवाल बाकी" म्हणून तारीख घेऊ देऊ नये. मुद्देमाल कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकानं पाठवला, याची माहिती तपास अधिकाऱ्याकडून लेखी मागवायला न्यायालयाला सांगावं. मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या खोलीतच पडून आहे, हे कधीकधी अशा अर्जानंतरच उघड होतं.

आरोपीच्या बाजूनं होणाऱ्या चुकांतली सर्वांत सार्वत्रिक म्हणजे हजेरीमाफीचा अर्ज. "आरोपी आजारी, आज हजर राहू शकत नाही" एवढंच लिहिलं की साक्ष थांबते. त्याच अर्जात दोन ओळी वाढवाव्यात: साक्ष माझ्या वकिलांच्या उपस्थितीत नोंदवण्यास हरकत नाही, आणि माझ्या ओळखीबाबत वाद उपस्थित करणार नाही. मग साक्ष होते आणि ती तारीख आरोपीच्या खात्यात पडत नाही. ओळखीचाच वाद असेल तर अर्थातच हे लिहू नये, हजर राहावं.

तसंच ज्या कागदांबद्दल वाद नाही ते कबूल करून टाकावेत. मृत्यूच कबूल असेल आणि वाद फक्त कुणी मारलं याचा असेल, तर मरणोत्तर पंचनाम्याचे दोन पंच बोलावून काय मिळवायचं? जुनं कलम २९४, नवं ३३०. शवविच्छेदन अहवाल मात्र न वाचता कबूल करू नये. जखम कोणत्या हत्यारानं, किती वेळापूर्वी, यातच पुष्कळदा बचाव दडलेला असतो.

न्यायाधीशांची बदली झाली की लोक हताश होतात, "आता पहिल्यापासून सगळं" म्हणून. तसं नाही. आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेल्या पुराव्यावर नवे न्यायाधीश पुढे जाऊ शकतात, अपवाद संक्षिप्त खटल्यांचा.

हा हक्क एकट्या आरोपीचा आहे, असा समज मात्र चुकीचा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची आणि शक्यतो वर्षाच्या आत खटला संपवायचा. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात दोषारोपपत्रापासून शक्यतो दोन महिने. गावात रोज समोरासमोर राहणाऱ्या फिर्यादीवर प्रत्येक वाढलेली पेशी म्हणजे तडजोडीसाठी आणखी एक निरोप. साक्षीदार फितूर होतात ते बहुतेक न्यायालयात नाही, दोन पेशींच्या मधल्या काळात. फिर्यादीला स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो, आणि त्या वकिलाचं पहिलं काम तहकुबीच्या अर्जावर हरकत लिहिणं हे असावं.

आता आत असलेल्यांचं. नव्या संहितेचं कलम ४७९ आता तुरुंगात सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण अर्धवट. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन, आणि पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांशावरच सुटका. विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीला कमाल ३ वर्षं, तर पहिल्यांदाच आलेल्याला १ वर्ष, एरवी दीड वर्ष. घरातली चोरी ७ वर्षांची, तर २ वर्षं ४ महिने आणि साडेतीन वर्षं. सर्वोच्च न्यायालयानं २३ ऑगस्ट २०२४ ला हे कलम १ जुलै २०२४ आधीच्या खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही लागू केलं. न्यायालयात अर्ज करणं हे इथं तुरुंग अधीक्षकाचंच कर्तव्य आहे.

पण यात तीन खाचा आहेत. फाशी किंवा जन्मठेप ही शिक्षांपैकी एक असेल तर हे कलम लागू नाही. बांधाच्या भांडणात कोयता चालला की पोलीस घातक हत्यारानं गंभीर दुखापतीचं कलम लावतात. त्यात एक ते दहा वर्षं कैद किंवा जन्मठेप अशी शिक्षा आहे, म्हणजे दार बंद. दुसरी खाच: एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील तर या कलमाखाली सुटका नाही. मोटारचोराचा एका गुन्ह्यात जामीन झाला की दुसऱ्या ठाण्याचे पोलीस ताबा घेतात, हे नेहमीचं. तिसरी खाच फार जण पाहत नाहीत. कंटाळून गुन्हा कबूल करायचा आणि "भोगलेली शिक्षा पुरे" म्हणून सुटायचं, हा सोपा मार्ग वाटतो. पण मग तो माणूस शिक्षा झालेला ठरतो, आणि पुढच्या वेळी एक तृतीयांशाची सवलत गेलेली असते.

जिथं ४७९ चालत नाही तिथं अनुच्छेद २१ वरचा जामीन. २०२१ च्या नजीब निकालात यूएपीएचा आरोपी पाच वर्षांहून जास्त आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. कायद्यातली जामिनाची कडक अट घटनेच्या आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. जुलै २०२४ मध्ये जावेद शेख प्रकरणात चार वर्षांत दोषारोपही ठेवला गेला नव्हता, तिथंही जामीन मिळाला. आपल्याकडे असे अर्ज औरंगाबाद खंडपीठात जातात. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. अर्जाला चार गोष्टी जोडाव्यात: रोजनाम्याच्या प्रती, वर सांगितलेला तक्ता, साक्षीदार एकूण किती आणि तपासून झाले किती याचा आकडा, आणि तुरुंगाचा कोठडी दाखला. "खटला सहा महिन्यांत संपवा" एवढाच आदेश मागण्यात आता फार अर्थ राहिला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंच सांगितलं आहे, की खालच्या न्यायालयांना अशी कालमर्यादा एरवी घालू नये, कारण रांगेतल्या दुसऱ्याचा खटला त्यामुळे मागे पडतो. खटलाच रद्द करून मागणं हा शेवटचा आणि क्वचित मिळणारा उपाय. गुन्हा किरकोळ, उशीर प्रचंड आणि आरोपीच्या खात्यात जवळपास काही नाही, असं असेल तरच.

वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तर कोठडीबाहेरही. १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते, तिच्याकडे साध्या पोस्टकार्डावरही नाव कळवता येतं.

जामीन झाला तरी कितीतरी जण आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. ऐपतदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस, आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढायला दिवस जातात. तोवर तात्पुरता रोख जामीन स्वीकारावा आणि ऐपतदार द्यायला काही आठवड्यांची मुदत मिळावी, असा अर्ज त्याच दिवशी द्यावा. आदेशानंतर महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालयानं स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. तो महिना उलटला की विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकरवी त्याची आठवण करून द्यावी.

आणि सुटून घरी आल्यावर पहिलीच पेशी चुकवू नये. चुकली की अजामीनपात्र वॉरंट निघतं, पोलीस शोधत फिरतात, बाकीच्या आरोपींचंही काम थांबतं, आणि त्यानंतरच्या जेवढ्या तारखा वाया जातात त्या सगळ्या तक्त्यात आरोपीच्याच खात्यात लिहाव्या लागतात.